टेड नोलन : बर्फावरचा ‘नॉट फाउंड सुटेबल’

‘आधी मेरिट सिद्ध करा, मग बघू तुम्हाला कोण अडवतं ते.’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकले आहे, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकले आहे, आणि स्वतःला आपले हितचिंतक म्हणवणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. या वाक्यात एक गृहीतक दडलेले असते. गुणवत्तेची एक ठरावीक रेषा असते आणि ती ओलांडली की माणसाचा जन्म, रंग, आडनाव कोणी विचारत नाही, असे ते गृहीतक.

ते खरे की खोटे, हे आज आम्हाला तपासून पाहायचे आहे. त्यासाठी आम्ही मुद्दाम दूरचे उदाहरण घेत आहोत, कॅनडा आणि अमेरिकेतल्या आइस हॉकीचे. तिथे आपल्याकडचे आरक्षण नाही, त्यामुळे ‘कोट्यातून आला’ म्हणून हिणवायची सोय नाही. शिवाय खेळात कोण जिंकले आणि कोण हरले, हे हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर ठरते. मेरिट जर कुठे माणसाला वाचवत असेल, तर ते इथे वाचवायला हवे.

माणसाचे नाव टेड नोलन. कॅनडातल्या ओजिब्वे या आदिवासी समाजात जन्मलेले. आधी व्यावसायिक खेळाडू, नंतर प्रशिक्षक. १९९७ साली त्यांना नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाला दिला जाणारा ‘जॅक अ‍ॅडम्स’ पुरस्कार मिळाला. त्यानंतर एनएचएलमधल्या संघाच्या बाकामागे ते पुन्हा दिसले ते थेट २००६ साली.

सर्वोत्तम ठरले, आणि नऊ वर्षे बाहेर राहिले. ‘मेरिट सिद्ध करा’ म्हणणाऱ्यांनी या नऊ वर्षांचा हिशोब द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.

खेळ आणि खुर्ची

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंदांची मैदानी हॉकी आठवते. आइस हॉकी वेगळी. बर्फाच्या बंदिस्त रिंकवर पायात स्केट्स घालून, रबराची कडक चपटी चकती काठीने मारत हा खेळ चालतो. एका वेळी गोलरक्षकासह एका संघाचे सहा जण बर्फावर असतात. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा. वेग इतका असतो की खेळाडू साधारण पाऊण मिनिटात दमून बाकावर परततो आणि त्याच्या जागी दुसरा उतरतो. ही अदलाबदल सामनाभर चालू राहते.

आता कोण उतरणार, कोणाच्या जोडीने उतरणार, समोरच्या कोणत्या खेळाडूविरुद्ध उतरणार, कोणाला बसवून ठेवायचे, हे सगळे बाकामागे सूट घालून उभा असलेला प्रशिक्षक ठरवतो. लाखो डॉलर कमावणारा खेळाडूसुद्धा त्याने सांगितल्याशिवाय बर्फावर उतरत नाही. म्हणजे प्रशिक्षकाची जागा ही हुकूम देण्याची जागा आहे.

ही जागा भरली कशी जाते? लेखी परीक्षा नसते, गुणवत्ता यादी लागत नाही. संघाचा जनरल मॅनेजर आणि मालक मिळून ठरवतात. १९९७ साली एनएचएलमध्ये २६ संघ होते, म्हणजे अशा खुर्च्या फक्त २६. त्या ज्यांच्या हातात, ते बहुतेक एकमेकांना ओळखणारे, एकमेकांबरोबर खेळलेले. नेमणुकीआधी फोन फिरतात आणि विचारले जाते, ‘माणूस कसा आहे?’ त्या प्रश्नाचे उत्तर कुठेही कागदावर येत नाही. ज्याच्याबद्दल ते दिले गेले, त्याला खुलासा करायची संधीही मिळत नाही.

हे वाचताना आपल्या वाचकांना काही आठवले असेल, तर त्यात नवल नाही. त्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

गार्डन रिव्हर

टेड नोलन यांचा जन्म १९५८ चा. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात सू सेंट मरी शहराजवळ गार्डन रिव्हर नावाचे ‘रिझर्व्ह’ आहे, तिथले ते. या ‘रिझर्व्ह’ शब्दाची आपल्या आरक्षणाशी गल्लत करू नये. आरक्षण म्हणजे सत्तेत आणि संधीत वाटा. रिझर्व्ह म्हणजे गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमिनी ताब्यात घेतल्यावर मूळ रहिवाशांसाठी आखून दिलेली वस्ती. आपल्या भाषेत सांगायचे तर गावकुसाबाहेरची जागा. फक्त इथे गावच मुळात त्यांचे होते. गार्डन रिव्हरच्या जुन्या रेल्वे पुलावर मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे की ही इंडियनांची भूमी आहे. येणाजाणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावे लागते.

कॅनडाने १८७६ मध्ये ‘इंडियन अ‍ॅक्ट’ केला आणि या समाजांचे आयुष्य सरकारी अधिकाऱ्यांच्या मुठीत दिले. आपली कायदेशीर ओळख न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार त्यांना १९६० साली मिळाला. म्हणजे टेड जन्मले तेव्हा त्यांच्या आईवडिलांना तो अधिकार नव्हता. दरम्यान सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत डांबले गेले. भाषा बोलली तर मार, केस कापणे, नावे बदलणे, लैंगिक अत्याचार, आणि हजारो मुलांचे मृत्यू. यातली शेवटची शाळा बंद झाली १९९७ साली. त्या वर्षी नोलन एनएचएलमध्ये प्रशिक्षक होते. इतका हा इतिहास ताजा आहे.

या शाळांतूनही हॉकीपटू घडले. क्री समाजातले फ्रेड सासाकामूस अशाच शाळेत हॉकी शिकले आणि १९५३-५४ च्या हंगामात शिकागो संघाकडून ११ सामने खेळले. एनएचएलमध्ये पोहोचलेल्या पहिल्या आदिवासी खेळाडूंमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

नोलन यांच्या घरी बारा भावंडे. वीज नाही, नळाचे पाणी नाही. थंडीत बादल्यांनी पाणी वाहून आणायचे, अंगणात ओतायचे, ते गोठले की त्यावर खेळायचे. सोळाव्या वर्षी ज्युनियर हॉकी खेळण्यासाठी ते केनोरा या गावी गेले. त्या काळात हे गाव तापलेले होते. १९७४ मध्ये ओजिब्वे तरुणांनी आपल्या हक्कांसाठी तिथल्या अनिशिनाबे पार्कचा ताबा घेतला होता. तिथे शाळेत आणि संघातही वंशावरून छळ, मारामाऱ्या, एकटे पाडणे हे त्यांच्या वाट्याला आले. ते घरी परतले नाहीत. खेळत राहिले.

७८ सामने

पुढे सू सेंट मरीच्या ग्रेहाउंड्स संघात ते खेळले. १९७७-७८ मध्ये त्या संघात सोळा-सतरा वर्षांचा वेन ग्रेट्झ्की त्यांचा सहकारी होता. १९७८ च्या निवडीत डेट्रॉइट रेड विंग्ज संघाने नोलन यांना ७८ व्या क्रमांकावर घेतले. बराच काळ दुय्यम लीगमध्ये काढावा लागला. १९८१ मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅक संघाबरोबर त्यांनी त्या लीगचा कॅल्डर कप जिंकला. त्याच वर्षी त्यांच्या आई रोझ एका दारुड्या ड्रायव्हरच्या गाडीमुळे झालेल्या अपघातात गेल्या.

एनएचएलमध्ये डेट्रॉइट आणि पिट्सबर्ग मिळून ते ७८ सामने खेळले. ६ गोल केले, १६ गोलांना हातभार लावला. मग पाठीच्या दुखापतीने कारकीर्द संपली. आकडे सामान्य आहेत, हे आम्ही लपवत नाही. ते महान खेळाडू नव्हते. घाम गाळणारे, अंगावर घेणारे खेळाडू होते. त्यांचे खरे काम इथून पुढे सुरू होते.

१९८८ मध्ये ज्या ग्रेहाउंड्सकडून ते खेळले, त्याच संघाचे ते प्रशिक्षक झाले. कॅनडातली ज्युनियर हॉकीची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे मेमोरियल कप. या संघाला नोलन यांनी १९९१, १९९२ आणि १९९३ अशी सलग तीन वर्षे तिथपर्यंत नेले. १९९१ च्या प्रांतिक अंतिम लढतीत त्यांनी ज्याला हरवले, त्या ओशावा संघात एरिक लिंड्रॉस होता. त्या पिढीतला सर्वात गाजलेला हा मुलगा आधी ग्रेहाउंड्सनेच निवडला होता, पण त्याने त्या गावी जायला नकार दिला होता. १९९२ मध्ये मेमोरियल कपचा अंतिम सामना अगदी शेवटच्या सेकंदांत गेला. १९९३ मध्ये, स्वतःच्या शहरात, कप जिंकला.

मग एक हंगाम हार्टफर्ड संघात सहायक प्रशिक्षक. आणि १९९५ मध्ये बफेलो सेबर्सचे मुख्य प्रशिक्षक.

‘कष्टाळू’ या शब्दाचे राजकारण

बफेलोचा संघ फारसा तारांकित नव्हता. पहिल्या हंगामात तो बाद फेरीत पोहोचला नाही. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच कर्णधार पॅट लाफाँटेन डोक्याच्या दुखापतीने बाहेर पडला. सगळ्यांनी संघाला गृहीत धरणे सोडून दिले. त्या हंगामात नोलन यांच्या संघाने ४० सामने जिंकले आणि आपल्या विभागात पहिला क्रमांक मिळवला. १९८१ नंतर प्रथमच. शहर त्यांच्यावर फिदा होते. संघाची ओळख झाली होती ‘हॉकीतला सर्वात कष्टाळू संघ’.

या ‘कष्टाळू’ शब्दापाशी थांबले पाहिजे. नोलन यांच्याबद्दल हॉकीतल्या जाणकारांचे एक ठरलेले मत होते. हा माणूस खेळाडूंना पेटवतो, त्यांच्याकडून मेहनत करून घेतो, पण डावपेचांत कच्चा आहे. म्हणजे ‘मोटिव्हेटर’ आहे, ‘टॅक्टिशियन’ नाही. पाच वर्षांच्या आत ज्युनियर आणि व्यावसायिक अशा दोन्ही स्तरांवर संघ वर आणणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागले. जिंकलो तर खेळाडूंच्या कष्टाने किंवा गोलरक्षकाच्या चमत्काराने. प्रशिक्षकाच्या डोक्याने कधीच नाही.

श्रम तुमचे आणि बुद्धी आमची, ही विभागणी आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तर तिला धर्माचा आधार होता. इंग्रजांच्या काळातल्या मुंबई-पुण्याच्या क्रिकेटमध्ये तिचे लख्ख उदाहरण आहे. चांभार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू हे त्या काळातले भारताचे सर्वात मोठे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाला त्यांची बोटे हवी होती. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात. आणि कर्णधारपद? ते त्यांना कधीही मिळाले नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम. क्षेत्ररक्षण लावणे, सवर्ण खेळाडूला ‘तू इकडे उभा राहा’ म्हणून सांगणे हे हुकमाचे काम. १९२० मध्ये बाळूंना वगळल्यावर आणि विठ्ठलना डावलल्यावर विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. तो जाहीर निषेध होता. त्यानंतर १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. हे बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते, हे आम्ही जाणतो. त्यामुळे त्यांच्यावर मैदानात झालेला अन्याय कमी होत नाही.

वंश आणि जात एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. कॅनडाच्या आदिवासींचा प्रश्न मुळात जमिनीचा आणि करारभंगाचा आहे. तो त्यांच्याच शब्दांत समजून घ्यायला हवा. पण वर्चस्वाची एक सवय दोन्हीकडे सारखी दिसते. खालच्या समजल्या गेलेल्या माणसाचे शरीर वापरायला तिची हरकत नसते. त्याच्या हाताखाली काम करायची वेळ आली की तिला गुणवत्ता आठवते.

एका वर्षाचा करार

आता १९९७ च्या उन्हाळ्याकडे येऊ. बफेलोत नोलन आणि जनरल मॅनेजर जॉन मकलर यांचे पटत नव्हते. संघाचा जगप्रसिद्ध गोलरक्षक डॉमिनिक हाशेक मकलर यांच्या बाजूचा होता आणि नोलन परत येऊ नयेत असे त्याने उघडपणे म्हटले. मकलर यांना काढले गेले. नवे जनरल मॅनेजर डार्सी रेगियर यांनी नोलन यांच्यापुढे फक्त एका वर्षाचा करार ठेवला. नुकताच सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेल्या माणसाला एक वर्ष. नोलन यांनी तो अपमान समजून नाकारला. त्यानंतर लगेचच्या काळात टँपा बेच्या संघाकडून आलेल्या प्रस्तावालाही त्यांनी होकार दिला नाही.

इथे आमच्या विरोधकांचा मुद्दा आम्ही स्वतःच मांडतो. तो असा : नोलन यांना कोणी काढले नाही, ते स्वतः गेले. त्यांनी प्रस्ताव नाकारले. ते भांडखोर होते. मग यात वंशभेद कुठे आला?

मुद्दा वजनदार आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

पहिली गोष्ट, भांडण हा एनएचएलमध्ये अपात्रतेचा निकष कधीच नव्हता. माइक कीनन यांचे उदाहरण घ्या. १९९४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क रेंजर्सला स्टॅन्ली कप जिंकून दिला आणि काही आठवड्यांतच कराराच्या वादातून संघ सोडला. सेंट लुईसमध्ये त्यांचे ब्रेट हल या मोठ्या खेळाडूशी जाहीर खटके उडाले आणि १९९६ मध्ये त्यांना काढले गेले. पुढे काय झाले? १९९७ मध्ये व्हँकूव्हर, २००० मध्ये बॉस्टन, २००१ मध्ये फ्लोरिडा. नोलन बाहेर असलेल्या त्याच नऊ वर्षांत कीनन यांना तीन संघ मिळाले. एकूण कारकिर्दीत आठ. कीनन यांच्याकडे स्टॅन्ली कप होता आणि ते जाणकार होते, हे मान्यच आहे. आमचा मुद्दा त्यांच्याविरुद्ध नाही. एकाचा तापट स्वभाव ‘करारीपणा’ ठरतो आणि दुसऱ्याचा ‘धोका’ ठरतो, तो का, हा आमचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, १९९८ ते २००० या काळात लीगमध्ये नॅशव्हिल, अटलांटा, कोलंबस आणि मिनेसोटा असे चार नवे संघ आले. खुर्च्या २६ च्या ३० झाल्या. जुन्या संघांतही प्रशिक्षक सतत बदलत होते. या लीगमध्ये प्रशिक्षक दोन-तीन वर्षे टिकला तरी पुष्कळ. एक प्रस्ताव नाकारला म्हणून माणूस एक-दोन वर्षे मागे पडेल, हे समजू शकते. नऊ वर्षे?

तिसरी गोष्ट, या काळात नोलन यांना एक विशेषण चिकटले. ‘जीएम किलर’, म्हणजे आपल्या जनरल मॅनेजरचा काटा काढणारा माणूस. जनरल मॅनेजरच जिथे नेमणूक करतात, तिथे याहून परिणामकारक शिक्का कोणता? त्याला पुरावा लागत नाही. चौकशी होत नाही. तो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातो.

‘आदिवासी आहे म्हणून नको’ असे लिहिलेला कागद मागणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की असा कागद कधीच नसतो. आपल्या विद्यापीठांत प्राध्यापकाच्या राखीव जागेसाठी उमेदवार मुलाखतीला जातो. नेट झालेली असते, पीएच.डी. झालेली असते, शोधनिबंध असतात. निकालात येते ‘नॉट फाउंड सुटेबल’. कारण दिले जात नाही. ‘जातीमुळे नाकारले’ असे त्यात कुठेही नसते, तरी मुलाखतीच्या खोलीत कोण कोण बसले होते ते आपल्याला ठाऊक असते. नोलन यांच्या नऊ वर्षांवर हाच शिक्का आहे. फक्त तो बर्फावर उमटलेला आहे.

परत येणे आणि पुन्हा बाहेर

या वर्षांत नोलन कॅनडाभरच्या आदिवासी वस्त्यांत फिरले, तरुणांशी बोलले. आईच्या नावाने आदिवासी स्त्रियांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. २००५ मध्ये त्यांनी पुन्हा ज्युनियर हॉकीत पाय ठेवला, मॉन्क्टन वाइल्डकॅट्स संघाचे प्रशिक्षक म्हणून. त्या हंगामात शिकुटिमी इथल्या सामन्यात प्रेक्षकांनी त्यांच्याकडे पाहून कुऱ्हाड चालवल्याचे आणि धनुष्यबाण मारल्याचे हावभाव केले, आरोळ्या ठोकल्या. १८७६ नव्हे, २००५. सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळालेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला हे सोसावे लागले. मॉन्क्टनने त्या वर्षी आपली लीग जिंकली आणि मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली.

२००६ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सचे मालक चार्ल्स वांग यांनी नोलन यांना बोलावले. वांग हे चीनमध्ये जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले उद्योजक. हॉकीच्या जुन्या वर्तुळाबाहेरचे. दार उघडले ते बाहेरून आलेल्या माणसाने, हा योगायोग आम्हाला दुर्लक्षून चालणार नाही असा वाटतो. पहिल्याच हंगामात, शेवटच्या दिवशीच्या सामन्यात, संघ बाद फेरीत पोहोचला. २००८ मध्ये वरिष्ठांशी धोरणाबाबत मतभेद झाल्याचे सांगून त्यांना दूर केले गेले.

२०११ मध्ये लात्वियाने त्यांना आपल्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक केले. लोकसंख्या जेमतेम वीस लाखांचा हा देश. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये या संघाने स्वित्झर्लंडला ३-१ ने हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. समोर कॅनडा. ज्या देशाच्या कायद्याने नोलन यांच्या समाजाला वस्तीत कोंडले, त्याच देशाचा सर्वात बलाढ्य संघ. शेवटच्या सात-आठ मिनिटांपर्यंत बरोबरी १-१. लात्वियाचा तरुण गोलरक्षक क्रिस्टर्स गुडलेव्स्किस याने ५५ फटके अडवले. कॅनडा २-१ असा कसाबसा सुटला आणि पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. डावपेचांत कच्च्या म्हटल्या गेलेल्या माणसाने आखलेला हा सामना होता.

त्याआधी, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, बफेलोने त्यांना परत बोलावले होते. पण कोणत्या बफेलोने? मोठे खेळाडू विकून टाकलेल्या, तळाला गेलेल्या संघाने. पुढच्या वर्षीच्या निवडीत चांगला तरुण खेळाडू मिळावा म्हणून हा संघ मुद्दाम दुबळा ठेवला आहे, अशी उघड चर्चा होती. संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये नोलन यांना काढले गेले. बुडती होडी हातात द्यायची आणि बुडाल्यावर नावाड्याला दोष द्यायचा, हेही आपल्या अधिकाऱ्यांना चांगले ओळखीचे आहे. वादग्रस्त खाते आणि अडगळीतली पोस्टिंग कोणाच्या नशिबी येते, ते त्यांना विचारा.

‘पण अमुक तर पोहोचला’

अशा चर्चेत कोणी तरी एक यशस्वी नाव पुढे करतो. क्री वारसा असलेले क्रेग बेरूबी यांनी २०१९ मध्ये सेंट लुईसला स्टॅन्ली कप जिंकून दिला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण एका माणसाच्या यशाने दार उघडे असल्याचे सिद्ध होत नाही. ते दार उघडायला किती जोर लावावा लागला, एवढेच सिद्ध होते.

कृष्णवर्णीयांचे पाहा. विली ओ’री १९५८ मध्ये बॉस्टनकडून एनएचएलमध्ये खेळले. पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, डर्क ग्रॅहम, दिसायला १९९८ उजाडले. खेळाडू ते प्रशिक्षक हे अंतर कापायला चाळीस वर्षे. आणि ग्रॅहम यांना शिकागोने ५९ सामन्यांनंतर घरी पाठवले. जॉन पॅरिस ज्युनियर यांनी १९९४ मध्ये अटलांटाच्या संघाला दुय्यम लीगचे विजेतेपद मिळवून दिले. एनएचएलमध्ये त्यांना मुख्य प्रशिक्षकपद कधीच मिळाले नाही. चाळीस वर्षे कृष्णवर्णीय खेळाडूंचे पाय चालले, त्यांचे डोके चालले नाही. यालाच आम्ही व्यवस्था म्हणतो. तिला कोणी एक खलनायक लागत नाही.

आपण काय घ्यायचे

टेड नोलन यांच्या कारकिर्दीतून आम्हाला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

एक. आपण खेळाडू मोजतो, खुर्च्या मोजत नाही. आपल्या समाजातला मुलगा राज्याच्या संघात आला की आपण सत्कार करतो, फ्लेक्स लावतो. करावाच. पण त्याच वेळी विचारावे की निवड समितीत कोण आहे? जिल्हा संघटनेचा सचिव कोण? पंच कोण, प्रशिक्षक कोण, व्यवस्थापक कोण? मैदानातला माणूस पस्तिशीत निवृत्त होतो. खुर्चीतला माणूस तीस वर्षे ठरवत राहतो की मैदानात कोण येणार. आपल्या खेळाडूंनी खेळून झाल्यावर प्रशिक्षणाच्या पदविका घ्याव्यात. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, विद्यापीठांचे शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. गावाकडच्या कबड्डीपटूला ही माहिती पोहोचवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

दोन. नकाराचे कारण लेखी मागा. माणूस अडवला जातो तो नियमाने कमी आणि कुजबुजीने जास्त. ‘स्वभाव बरोबर नाही’, ‘टीममध्ये मिसळत नाही’, ‘अ‍ॅटिट्यूड आहे’ हे शब्द कागदावर आले की त्यांना उत्तर देता येते. कागदावर आले नाहीत तर ते आयुष्यभर पाठलाग करतात. माहितीचा अधिकार जिथे लागू आहे तिथे तो वापरा. जिथे नाही, तिथे संघटनेच्या वतीने पत्र द्या. एकटा माणूस पत्र देतो तेव्हा तो ‘भांडखोर’ ठरतो. संघटना देते तेव्हा तो प्रश्न ठरतो. विठ्ठल आणि शिवराम दोघे मिळून उठले, म्हणून १९२० चा निषेध नोंदला गेला. नोलन त्या नऊ वर्षांत एकटे होते.

तीन. स्वाभिमानाची किंमत आपल्या माणसाला एकट्याने भरायला लावू नका. त्या एका वर्षाच्या करारावर नोलन यांनी सही केली असती, तर कदाचित ते टिकले असते. ‘थोडे नमते घ्यायला काय जाते?’ असे त्यांना सांगणारे तेव्हाही भेटले असतील. पण जो सर्वोत्तम ठरला त्याने दुय्यम वागणूक मुकाट्याने स्वीकारायची, हाच जर टिकण्याचा नियम असेल, तर ती गुणवत्तेची शिडी नव्हे. ती निष्ठेची परीक्षा आहे. आपला माणूस अशा वेळी ‘नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या घरची चूल पेटती राहील आणि त्याच्या कामाला जागा मिळेल, एवढे बळ समाजाच्या संस्थांत असायला हवे.

नोलन यांनी स्वतः हेच केले. ब्रँडन आणि जॉर्डन ही त्यांची दोन्ही मुले एनएचएलमध्ये खेळली. जॉर्डनने लॉस एंजेलिसबरोबर २०१२ आणि २०१४ चा स्टॅन्ली कप जिंकला. या बापलेकांनी मिळून २०१३ पासून आदिवासी मुलामुलींसाठी हॉकीची शिबिरे सुरू केली. ती वस्त्यांतच भरतात. मुलांना शहरात परक्यांच्या दारात जावे लागत नाही. प्रशिक्षक त्यांच्या दारात येतात आणि ते त्यांच्यासारखेच दिसतात. कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये सरकारपुढे ९४ शिफारशी ठेवल्या. त्यातल्या ८७ ते ९१ या पाच केवळ खेळाबद्दल आहेत. आदिवासी खेळाडूंचा इतिहास सांगा, त्यांच्या खेळांना पैसा द्या, खेळातला वंशभेद थांबवा, असे त्यात म्हटले आहे. खेळ ही करमणूक आहे, तिथे राजकारण आणू नका, असे म्हणणाऱ्यांनी त्या पाच शिफारशी वाचाव्यात.

‘आधी मेरिट सिद्ध करा’ म्हणणारा पुन्हा भेटेल. कट्ट्यावर भेटेल, कँटीनमध्ये भेटेल. त्याला टेड नोलन यांचे नाव सांगा आणि विचारा, सिद्ध झाल्यानंतरच्या नऊ वर्षांचे काय? त्याच्याकडे उत्तर असेल तर ते ऐकून घ्या. नसेल, तर पुढचा प्रश्न विचारा : तुझ्या ऑफिसच्या निवड समितीत कोण कोण बसते?

जय भीम!